सुमनचा हात आणि अक्कांच्या दशम्या

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हा घोळ मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून, पूर्ण शुद्धीत घातलाय.

आमच्या गारखेड्याच्या घरात बेचाळीस वर्षांची एक पद्धत आहे. पाहुण्यासमोर आमची सुमन तोंडानं एक बोलते आणि पाहुण्याच्या पाठीमागून हातानं मला दुसरंच सांगते. "चहा टाकते हं" म्हणत तिनं एक बोट हलवलं की मी ओळखायचो, दूध संपलंय. पिशवी घेऊन मागच्या दारानं पसार! पाहुण्याला पत्ता नाही. कचेरीत माझ्या हाताखाली वीस माणसं होती, पण असं काम एकालाही जमलं नसतं.

हल्ली मात्र काय झालंय, ऐकायला लागलो की दिसत नाही. मोतीबिंदू काढलाय, कान तपासून झालेत, दोन्ही ठणठणीत. फक्त दोन्ही एकदम चालत नाहीत. सत्तरी उलटली, दुसरं काय?

तर त्या दिवशी सुमनला पिशोरला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडं. दुपारची जेवणं उरकली की अक्का घराला कुलूप लावून लेकीबरोबर नागपूरला निघणार होत्या, कायमच्या. त्या घरातलं दोघी बहिणींचं हे शेवटचं जेवण. अक्कांना आवडतात म्हणून सुमननं सकाळी उठून दशम्या केल्या, डबा फडक्यात बांधला. साडेअकराला भाचा चौकात गाडी घेऊन थांबणार होता.

अकराच्या सुमाराला चितेगावहून दिगंबरराव आले. माझे कचेरीतले जुने सोबती, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. सुमन म्हणाली, "आता जेवूनच जायचं हं, भाऊजी." आणि त्यांच्या मागं उभं राहून तिनं मनगटावर दोनदा बोट आपटलं. मला ते दिसलं हो, नाही असं नाही. पण डोक्यात शिरलं ते बोलणं. म्हटलं, हिनं बेत बदललेला दिसतोय.

"नाय हो, लई घरं राहिलीत अजून," म्हणत दिगंबरराव उठले. मी दंड धरून त्यांना खाली बसवलं. सुमन म्हणाली, "बसा ना, पाच मिनिटांत भात होतो." आणि मागून तो डबा उंच धरून दाराकडं बोट केलं.

डबा बघून मी काय करावं? जाहीर केलं, "अहो, दशम्या आहेत आज!"

"वहिनींच्या हातच्या? मग व्हय, बसतोच."

दिगंबररावांनी चार खाल्ल्या, दोन मी. आग्रह करकरून वाढल्याही मीच. तेवढ्यात स्वयंपाकघरात सुमनचा फोन वाजला. ती हळूच म्हणाली, "तू निघ रे, पाहुणे आलेत." तेव्हा कुठं मला ते मनगटावरचं बोट आठवलं.

दिगंबरराव गेले तेव्हा ती रिकामा डबा घासत होती.

"माझा हात दिसला नाही तुम्हाला?"

"अगं, तूच तर म्हणालीस, जेवून जा."

"मग काय, तोंडानं 'जा' म्हणू?"

एसटीनं जाऊ म्हटलं, तर तोवर पिशोरच्या घराला कुलूप लागलं असतं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

गेल्या आठवड्यात दिगंबरराव लग्नाचे लाडू घेऊन आले. सुमननं समोरासमोरच सांगितलं, "भाऊजी, आज थांबा म्हणत नाही, आम्हाला बाहेर जायचंय." मी लाजेनं अर्धा झालो. त्यांच्या पाठीमागं जाऊन हळूच हात खाली दाबून दाखवला, जरा सबुरीनं. तिनं क्षणात ओळखलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सबुरीनंच बोलतेय मी. हात खाली घ्या."

म्हणजे बघा, माझा हात तिला अजून वाचता येतो. तिनं मात्र माझ्याशी हातानं बोलणं सोडून दिलंय. आता सगळं तोंडानं, नीट, सावकाश, परक्या माणसाशी बोलावं तसं. "जेवूनच जा हं" एवढंच काय ते म्हणायचं राहिलंय.