पंचमाची तीन बोटं

थंडीच्या आरंभी उत्तरेचा वारा सुटला, की आमच्या गॅलरीचा कठडा घुमू लागतो. पोकळ पोलादी नळ्यांचा कठडा तो. त्यातल्या एका नळीचे दोन स्क्रू गंजून पडले आणि दोन बारीक भोकं उघडी राहिली. संध्याकाळी एव्हरशाईन सिटीच्या इमारतींमधून वाट काढत आलेला वारा त्या भोकांवरून सरकतो, आणि सातव्या मजल्यावर एक मंद, गंभीर, अखंड हुंकार भरून राहतो. आमच्या सौभाग्यवतींना तो कुणी कण्हत असल्यासारखा वाटतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, सोसायटीने भोकांत बसवायला दोन रबरी बुचं धाडली. ती बुचं माझ्या खिडकीत पडून आहेत आणि मी रोज नवं निमित्त शोधतो आहे.

लोखंड गातं, असं मला पूर्वी वाटलं असतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला नाना छंद सुचतात. त्यांतला घरच्यांना सर्वांत जाचक छंद मी निवडला आणि बासरी शिकू लागलो. दर गुरुवारी रिक्षाने सांडोरला जायचं, केळीच्या वाडीतून सरांच्या घराशी पोचायचं, ओटीवर बसून फुंकायचं. आमचे इनास सर शाळेत गणित शिकवायचे आणि चर्चच्या गायनमंडळात बासरी वाजवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की बांबूच्या नादी लागू नका, बांबू ही नुसती भिंत. वाजते ती आतली हवा. हवेची ही जागा लांब असली की स्वर खाली उतरतो, आखूड झाली की वर चढतो. बोट उचललं की भोक उघडतं आणि हवेला वाटतं, घर इथेच संपलं. त्यापलीकडे बांबू कितीही लांब असो, तिला त्याचं सोयरसुतक नसतं. सगळी भोकं झाकली, तरच ती शेवटच्या टोकापर्यंत जाते आणि बासरीचा सर्वांत खालचा स्वर, मंद्र पंचम, जागा होतो. किती साधी गोष्ट! आयुष्यभर माणसं भिंतींची मोजमापं करतात, राहतात मात्र रिकाम्या जागेत.

हा पंचम सरांच्या घरात एका माणसाच्या नावावर होता. त्यांची पत्नी सोफीबाई गायनमंडळात गात. आवाज बायकी गळ्याच्या मानाने फार खालचा, जाडसर, थोडा खरखरीत. सोलो गाण्यासाठी त्यांना कुणी कधी उभं केलं नाही. पण मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, अखेरीला गायचं एक जुनं गीत होतं, ज्याची शेवटची ओळ पायरी पायरीने थेट पंचमापर्यंत उतरे. बाकीच्या बाया षड्जापाशीच थबकत. खाली उतरत त्या दोघीच, सोफीबाई आणि बासरी. गेल्या वर्षी त्या वारल्या. तेव्हापासून ते गीत षड्जावरच संपवलं जाई. ओळ पुरी झाली नाही हे सगळ्यांना कळे, पण कुणी बोलत नसे.

त्यांच्या स्मरणाची वर्षाची मिस्सा जवळ आली, तेव्हा सरांनी ठरवलं, की ती ओळ पुरी करायची. मधल्या काळात न्यूमोनियाने त्यांची छाती पार खिळखिळी करून टाकली होती. सबंध गीत पेटीवर होऊ दे, मी फक्त शेवटी उतरतो, एवढंच त्यांनी मागितलं. जेवताना एकदा ते सहज म्हणाले, की ही बासरी माझ्या दमाच्या मानाने आता लांब झाली. ते वाक्य त्यांचा धाकटा भाऊ डुमिंग याने ऐकलं, आणि पुढचा अनर्थ ओढवला.

डुमिंग बागायतदार माणूस. केळीच्या बुंध्याशी पिलं फार झाली, की जास्तीची छाटायची, म्हणजे उरलेल्या झाडाला जोर मिळतो. हे त्याचं आयुष्यभराचं शास्त्र. सर दुपारी झोपले असताना त्याने बारीक करवतीने बासरीचं खालचं टोक तीन बोटं कापलं, काचपेपरने घासून गुळगुळीत केलं, वर खोबरेल चोपडलं. भोकांना त्याने हातही लावला नाही. भोकांखालचा भाग निव्वळ फाजील, हे तर कुणालाही दिसत होतं.

त्या गुरुवारी मी पोचलो, तेव्हा सर ओटीवर बासरी घेऊन बसले होते. सरगम वाजवून दाखवली; प्रत्येक स्वर जागच्या जागी, काहीच बिघडलेलं नाही. मग त्यांनी सगळी भोकं झाकली. आला तो स्वर ना पंचम, ना धैवत. दारापर्यंत येऊन आत यायला संकोचणाऱ्या पाहुण्यासारखा मध्येच कुठेतरी. बाकीचं सगळं शाबूत आणि नेमका तेवढाच गेलेला. डुमिंग खांबाला टेकून उभा होता.

“दम पुरत नाय बोल्ला ना दादा, म्हनून जरा कमी केली,” तो मला म्हणाला, जणू मी पंच होतो.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “राहू दे. षड्जावरच संपवू.” बासरी त्यांनी निजलेल्या माणसाच्या उशाशी काही ठेवावं तशी हळूच बाकावर ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी उगाच बोलतो, तसा बोललो. बांबू नुसती भिंत असेल, तर भिंत कशाचीही चालेल. टोकाला कागदाची नळी गुंडाळून पाहायची का? फुंकरीच्या ओलीने कागद मऊ पडेल, असं सर म्हणाले, पण त्यांचा हात बासरीकडे गेला होता. डुमिंग वाडीत उतरला आणि केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट घेऊन आला, तपकिरी, चिवट, पुठ्ठ्यासारखं.

पदर पदर गुंडाळून त्याने ती नळी बासरीच्या टोकावर घट्ट बसवली, वरून दोरा आवळला. सरांनी फुंकलं. स्वर पंचमाच्याही खाली गेला. हवेचं घर आता गरजेपेक्षा मोठं झालं होतं. थोडं कापावं लागणार होतं. एका दुपारी बेधडक करवत चालवणाऱ्या त्या माणसाने कात्री हातात घेतली आणि त्याला कापवेना. नखाएवढी कड घ्यायचा, थांबायचा, विचारायचा, “आता?” सर फुंकायचे, मान हलवायचे. आणखी एक कड. आणखी एक. वाडीत ऊन कलत गेलं, सरांच्या सुनेने आणलेला चहा निवला. मग एकदा सरांनी मान हलवली नाही. ते तसेच डोळे मिटून बसून राहिले, आणि डुमिंगने कात्री खाली ठेवली.

मिस्साला मी मागच्या बाकावर होतो. शेवटची ओळ आली, बाया षड्जापाशी थांबल्या, पेटीही थांबली. बासरी एकटी खाली उतरली. पंचम लागला. बांबूत दोरा आणि सोपट मिसळल्यामुळे त्याला जाडसर, थोडी खरखरीत किनार आली होती. गायनमंडळातल्या दोघी-तिघींनी एकदम वळून पाहिलं. सोफीबाई जिथे उभ्या राहत, तिकडे. स्वर फार टिकला नाही, सरांचा श्वास तुटला. माझ्या पुढे बसलेल्या डुमिंगची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

बाहेर आल्यावर मी नवी बासरी आणून देतो म्हणालो. सरांनी नको म्हटलं. सोपट सुकून फाटेल तेव्हा डुमिंग दुसरं बसवेल, वाडीत काय कमी आहे. मग थोडं चालून गेल्यावर, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “तिचा श्वास माझ्याहून लांब होता.”

आज वारा पुन्हा उत्तरेचा आहे. सौभाग्यवतींनी दोन्ही बुचं माझ्या हातात आणून ठेवली, म्हणून शेवटी गॅलरीत गेलो. एक भोक बुजवलं, तशी नळीची घुमण्याची पट्टी बदलली. कण्हणं थोडं सौम्य झालं, शेजाऱ्यांना चालेल इतपत. दुसरं बूच मी मुठीत धरून उभा राहिलो. आतली जागा तेवढीच, पोकळ, कुणाचीही नसलेली, आणि वारा आला की बोलणारी. ते भोक मी उघडंच ठेवलं आणि घरात येऊन सांगितलं, की बूच बसत नाही.