पडद्यावरचा आकडा

रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर उचलून सरबत करणाऱ्यांपैकी मी. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत मला सगळे नास्तिक म्हणतात, त्याचा मला रागही येत नाही. भूत-बित, संकेत-बिंकेत... छे! पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात अडकली आहे, ती आज लिहून टाकतो.

२००० नंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यातली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी एका खासगी कंपनीत लागलो होतो. कृत्रिम पावसाच्या कामासाठी त्यांनी वणीजवळच्या एका माळावर रडार उभं केलं होतं. माणसं दोनच – मी आणि माझे सर. ट्रेनिंगच्या पुस्तकात टोर्नेडोचं एक चित्र होतं. ढगाच्या लाल ठिपक्याला एका बाजूला बाक आला, हुकसारखा, की समजायचं आत वारा गरगरतोय. सर हसून म्हणाले, "आपल्याकडे असला आकडा फक्त विजेच्या तारेवर दिसतो!" – म्हणजे वीज चोरायला टाकतात तो. तेव्हापासून आम्ही त्याला आकडाच म्हणायचो.

माझी सख्खी ताई तिथून दहा-बारा किलोमीटरवर द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला जायची.

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. पाणी पिऊन केबिनमध्ये आलो, तर स्क्रीनवर आकडा! लालभडक. प्रत्येक फेरीला थोडा पुढे सरकणारा. समोरच्या नकाशावर जागा शोधली... ताईची शेड. खिडकीबाहेर मात्र कडक ऊन होतं.

शेडमध्ये फोन लावला. मुकादम दगडूभाऊंनी उचलला. नाव सांगायचंही भान मला नव्हतं.

"आकडा दिसतोय! तुमच्या शेडवरच!"

पलीकडून एकदम हळू आवाजात, "आयला... कोनाला दिसला?"

"इथं ऑफिसात दिसतोय! बायांना बाहेर काढा, लांब न्या!"

"काढतो, काढतो. किती टाइम हाय?"

"वीस मिनिटं, फार तर."

"लय उपकार झाले, साहेब," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मला हायसं वाटलं.

सरांना सांगायला बाहेर धावलो. ते टॉवरवर चढून ग्रीस लावत होते. डिश नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलेली.

"सर, रडार कधी चालू केलंत?"

"चालू? जेवल्यापासून बंद आहे. मेन स्विच तूच तर पाडलास."

खरं होतं. मीच पाडला होता. आत जाऊन पाहिलं – स्विच खालीच, स्क्रीन काळी. तेवढ्यात सर वरून ओरडले, "अरे, तिकडे बघ!"

ढग कधी जमला कळलंच नव्हतं. त्याच्याखाली, ताईच्या शेडच्या दिशेला, एक तपकिरी खांब गरगरत होता.

मोटरसायकलवर देव-देव करत गेलो. हो, मी! शेडचे पत्रे द्राक्षांच्या मांडवांवर जाऊन पडले होते. बाया कोरड्या नाल्यात एकमेकींना धरून बसल्या होत्या. ताई त्यांच्यातच होती, पापण्यांपर्यंत धुळीने भरलेली. तिला मिठी मारून मी रडलो.

"दगडूभाऊ कुठायत?"

"कोनाचा तरी फोन आला रे. वीजवाल्यांची गाडी येऊन ऱ्हायली, आकडा सापडला म्हने. आम्हाला म्हनले, नाल्यात लपा. अन् स्वतः बांबू घेऊन आकडा काढाया छपरावर चढले."

दगडूभाऊ संध्याकाळी सापडले, दोन शेतं सोडून.

'वावटळ' म्हणालो असतो तर? एवढा साधा शब्द आहे, लहानपणापासून तोंडातला.

सरांनी मशीन उघडून तपासलं. काही सापडलं नाही. बंद मशीनवर काही दिसूच शकत नाही, असं ते म्हणाले. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

ताई मात्र येईल-जाईल त्याला तो किस्सा सांगते. वीजवाल्यांची गाडी तर आलीच नाही, मग आधी फोन केला कोणी? "तो फोन मानसाचा नव्हताच," म्हणते आणि हात जोडते. मी शेजारीच बसलेला असतो, मान खाली घालून.

ताई, फोन माझा होता. मला ते कुणी दाखवलं, हे मात्र मला आजही माहीत नाही.