धुऊन आलेला स्वेटर

ताईंच्या नवऱ्याचा स्वेटर मी धुलाईला पाठवला. मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करायला डोकं लागतं, आणि आमच्या गावच्या शाळेने त्या बाबतीत माझ्यावर फारसा खर्च केला नव्हता. काउंटरखाली पिशवी दिसली, तीही आमच्याच दुकानाची. आत लोकरीचं काहीतरी होतं. परत आलेला माल समजून टाकला गाठोड्यात.

आमचं कपड्यांचं मोठं दुकान. विकणारे वरच्या मजल्यावर गारव्यात, विकलेलं परत घेणारे जिन्याखाली. तिथे ताई आणि हाताखाली मी. लोक काय काय आणत! अख्खा हिवाळा अंगावर काढलेला कोट "अजून घडीसुद्धा मोडली नाही हो" म्हणून. एका आजीबाईंनी "रंग पसंत नाही" म्हणून नातवाची चड्डी आणली, तर खिशात नातवाचं अर्धं बिस्किट. परत घेतलेला माल धुऊन, नवं लेबल लावून पुन्हा वर जायचा, ते सोडा.

ताई वाद घालत नसत. कपडा उचलायचा, काखेची शिवण नाकाशी न्यायची, की निकाल.

"समारंभात घातलाय. अत्तर भारी होतं. नाचलात वाटतं?"

"अहो, मी अंगालाही लावला नाही!"

"मग तुम्हाला न सांगता एकटाच गेला असेल."

कोट मालकिणीबरोबर निमूट घरी जायचा.

मग तापाची साथ आली. ताई उठल्या, पण नाक काही उठलं नाही. कशाचाच वास येईना. ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली. "कुठे बोललास तर कान उपटीन." तेव्हापासून घडी घालायच्या निमित्ताने कपडा आधी मी हुंगायचो. वापरलेला असला की खोकायचं, असं ठरलं. ताई ऐटीत नाकाशी नेऊन निकाल द्यायच्या. मी इतका खोकलो, की साहेबांनी मला स्वतः औषधाची बाटली आणून दिली.

एकदा गिऱ्हाईक नसताना ताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा एक स्वेटर आहे. ते गेल्यापासून धुतला नाही."

ते लेथवर काम करत. त्या स्वेटरला मशीनच्या तेलाचा वास होता, तंबाखूचा होता, आणि त्यांचा स्वतःचा. ताई तो पिशवीत गाठ मारून ठेवत. फार उघडत नसत, वास संपेल म्हणून.

"आता उघडते तर काहीच नाही. माझं नाक गेलंय की वास गेलाय, कळायचं कसं? सुनेला विचारलं तर म्हणेल, सासूबाईंचं डोकं फिरलं. तू हुंगून सांगशील? आणते कधीतरी."

आणला तो नेमका मी उशिरा आलो त्या दिवशी. पिशवी काउंटरखाली ठेवून त्या वर साहेबांकडे गेल्या. मी आलो, तर धुलाईची गाडी दारात उभी.

"अरे, इथली पिशवी?" ताईंनी खाली येऊन विचारलं.

"दिली की गाडीत."

त्यांनी काउंटरखाली वाकून पुन्हा एकदा पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्वेटर परत आला तो प्लॅस्टिकमध्ये, इस्त्री करून, वर आमचं लेबल. मी आधी हुंगला. मग सवयीने ताईंनी नाकाशी नेला.

"आहे, ताई," मी म्हणालो. "तेलाचा वास आहे अजून."

"मग खोकला का नाहीस?"

मी लेबल सोडवायला लागलो. ताई बाहीवरून हात फिरवत होत्या. "इथे फुगा आला होता बघ. त्यांचं कोपर होतं इथे."

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बाईंचा कोट हुंगता हुंगता ताई एकदम ओरडल्या, "कांदा!" मी खोकायच्या आत. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी. बाई घाबरून कोटासकट पळाल्या. ताई त्या दिवशी साहेबांना सांगून लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वेटरचं विचारायची हिंमत करत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "साबण. फुलांचा आहे. चांगला आहे."

मग थोड्या वेळाने, कपड्याची घडी घालत, माझ्याकडे न बघता, "त्यांचा कारखाना तुझ्या वाटेवरच आहे ना? तिथलं हात पुसायचं एखादं फडकं आणशील?"

"उद्याच आणतो, ताई."

गेलो. त्यांच्या लेथवर आता एक तरणा माणूस आहे. भला वाटला, मागितल्याबरोबर फडकं दिलं. बाहेर येऊन हुंगलं. तेल होतं, हवं तसं. पण त्यात त्या माणसाचा घामही होता. मला खोकला आला.

फडकं माझ्या डब्याच्या पिशवीत पडून आहे. ताई विचारतात, "आणलंस का रे?"

"उद्या नक्की, ताई."