दिगूच्या टेबलावरची बैलजोडी

आधी पैज लावा. ह्या गोष्टीत शेवटाला खिशात हात कोणाला घालावा लागला, हे आत्ताच ओळखून दाखवा. दिगूला? त्याच्या बायकोला? का जांबेकडच्या पाव्हण्याला? लावा डोकं. न्हाई जमलं तर चहा तुमच्याकडं!

आमचं टोळकं तिघांचं. दिगू फोटोवाला, युनूसभाई टेलर आन मी. मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमधी जिंदगी घालवली, आता परतूरला निवांत. पंचाहत्तरी झाली तवापासून यष्टी फुकट. काम नसलं तरी जालन्याला चक्कर मारून येतो. कंडक्टरच्या नाकापुढं कार्ड धरायला लई मजा येती! बाकीचा टाइम दिगूच्या घरी. तिथं एक टेबल हाये, आन त्या टेबलावर रोज काहीतरी होतंच. न्हाव्याच्या दुकानात केस साचावेत तसे किस्से साचतेत. झाडले का पुन्हा ढीग.

* * *

दिगूचा लग्नाच्या फोटूंचा स्टुडिओ होता. मोबाईल आले, स्टुडिओ बसला. पण हात शिवशिवायचे. एक दिवस त्यानं बायकोच्या, कमलवहिनीच्या पेटीतली खेळणी काढली. महालक्ष्म्यांपुढं आरास करायला असतेत ती. बोटाएवढा वाणी, दळणारी बाई, घोडेस्वार, हत्ती. वाण्यामागं काड्याच्या पेट्या रचल्या, बाजूनं बॅटरी मारली आन टेबलाला हनुवटी टेकवून फोटू काढला. खोटं न्हाई सांगत, असं वाटलं आता वाणी मला उधारी मागतो!

पण सवय जाती का? दिगू त्या वाण्याला म्हणून राह्यला, "मुंडी जरा वर... हलू नका... हसा थोडं!"

मी म्हणलं, "दिगू, गिऱ्हाईक मात्र झकास गाठलं. डोळे मिटत न्हाई, पोट आत घ्या म्हणावं लागत न्हाई."

युनूसभाई चष्मा पुसत म्हणला, "आन नवरदेवाचा मामा मधी घुसत न्हाई!"

* * *

मंग आली लढाई. टेबलावर घोडेस्वार मांडले. दिगूला धूळ पाह्यजे होती, घोडे दौडल्यावर उडती तशी. त्यानं ज्वारीच्या पिठाचा डबाच आणला. युनूसभाईच्या हातात चुलीची फुंकणी दिली.

"मी म्हणलो का फुंकायचं!"

युनूसभाईनं अशी फुंकली का फोटू एक नंबर आला आन आम्ही तिघं भुतावाणी पांढरे! दिगू लई काटकसरी. त्यानं टेबलावरचं पीठ गोळा केलं, चाळलं न्हाई काही न्हाई, डब्यात परत.

वहिनी माहेरी गेल्ती, ती आली आन सांच्याला भाकरी टाकल्या. पहिल्याच घासाला माझ्या तोंडात काहीतरी करकरलं. काढून पाह्यलं तर भाला! बारीक, चकचकीत.

दिगू ताटावरून उठून टेबलाकडं पळाला. स्वार मोजले आन तिथूनच ओरडला, "अरे, एक घोडा बी कमी हाये!"

वहिनीनं तवा खाली ठेवला. "भाला तर भावजींच्या ताटात निघाला. घोडा कोणी खाल्ला?"

युनूसभाईनं पोटावर हात ठेवला. "वहिनी, मी तर दुसरी भाकर बी संपवली ना!"

घोडा आजून सापडला न्हाई.

* * *

माझा बी हात लागायचाच की टेबलाला. दिगू तासभर मांडामांड करायचा, चहाला उठायचा, तेवढ्यात मी हत्तीला उलटा करायचो. फोटूत पाटलासारखा माणूस रुबाबात उभा, आन शेजारी हत्तीचं बूड! दिगूच्या ध्यानात यायचं न्हाई, तो तसाच फोटू पाव्हण्यारावळ्यांना धाडायचा.

मंग त्यानं डाव उलटवला. मी दुपारी त्याच्याकडंच आडवा होतो. दातांची कवळी काढून पेल्यात ठेवतो. उठलो तर पेला रिकामा. सगळं घर पालथं घातलं. सांच्याला युनूसभाईनं मोबाईल दाखवला. काय फोटू! मागं पांढरेशुभ्र कडे, धुकं, आन कड्याच्या टोकावर भगवा घेऊन मावळा उभा.

"कुठला किल्ला हाये हो?" मी इचारलं.

दिगू म्हणला, "तोंड उघड. बसवून दाखवतो."

* * *

आता आभाळाची गोष्ट. फोटूमागं आभाळ लागतं. दिगूनं वहिनीची निळी साडी भितीला टांगली, वर चार खिळे ठोकले. बायकोला पत्ता न्हाई. पुढं वहिनीची बहीण आली, तिला दिगू फोटू दाखवून राह्यला. वहिनीनं बी वाकून पाह्यलं. "आगं बाई, आभाळ किती छान आलंय! आन आभाळाला काठ कसा काय?"

दिगू घाईनं पुढचा फोटू दाखवायला लागला.

"आहो, हे आभाळ नेसून मी भाचीच्या लग्नाला गेल्ते!"

मंग काय, त्याच दिवशी हुकूम निघाला. महालक्ष्म्या जवळ आल्त्या, आरास त्याच टेबलावर असती. वहिनी म्हणली, "ह्या दोन टवाळांशिवाय एक तरी माणूस दाखवा, जो तुमचा फोटू पाहून घरातून उठून आला. महालक्ष्म्या बसायच्या आत. न्हाई तर टेबल माझं, ते कायमचं. कॅमेरा माळ्यावर."

दिगूचं तोंड पार उतरलं. स्टुडिओ गेला तवा बी एवढं उतरलं न्हव्हतं. दोन दिवस त्यानं मुंडी वर, हसा, काही म्हणलं न्हाई. टेबलापाशी नुसता बसून राह्यचा.

* * *

दिगूनं पोळ्याच्या मातीच्या बैलांचा फोटू काढल्ता. खाली काळी माती, मागं तेच आभाळ. आंघोळ घालून पुसलेल्या बैलावाणी अंग चमकून राह्यलं. माझ्या मोबाईलवर बैलबाजाराचा ग्रुप हाये. मला लिव्हता येत न्हाई, म्हणून फोटू टाकला आन बोलून टाकलं, "जोडी देणं हाये. लई शांत. कोणाला मारत न्हाई. चारापाणी कमी. लहान पोर बी धरतं." शेवटाला दिगूच्या घराचा पत्ता बी बोललो. आता तुम्हीच सांगा, ह्यात एक तरी शब्द खोटा हाये का?

दुसऱ्या दिवशी दारात एक उंचापुरा माणूस. डोक्याला पटका, खांद्यावर रुमाल, हातात नवाकोरा कासरा. "फोटूतली जोडी हीतंच हाये ना?"

दिगू खुश! "हो हो, या ना. आत टेबलावर हाये."

"टेबलावर?" पाव्हणा म्हणला. "टेबलावर बांधता?"

आत आला. पाह्यलं. वीतभर बी न्हाईत असले दोन बैल. पाव्हणा फिरला. "ग्रुपवर बोलला तो कोण?"

दिगू आन युनूसभाई, दोघांची बोटं बराबर माझ्याकडं!

"शांत हाये म्हणला?"

"हाये ना," मी म्हणलं. "आल्यापासून हूं का चूं न्हाई."

"लहान पोर धरतं?"

"दोन्ही, एका हातात."

पाव्हण्यानं वाकून बैलाच्या तोंडाला बोट लावलं. "दात न्हाईत."

युनूसभाई म्हणला, "दलालाला बी न्हाईत!"

पाव्हण्याला हसू फुटलं ते थांबंना. मंग खाली बसला. म्हणला, "आमच्याकडं ट्रॅक्टर आला, जोडी इकली. आता दावणीकडं बघवत न्हाई. ह्या फोटूतल्या डाव्या बैलाची मान बिलकुल आमच्या राजावाणी. रातभर फोटू पाह्यला आन जांबेहून सकाळची गाडी धरली."

दिगूनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाह्यलं. "कमल, माणूस आला बरं का. फोटू पाहून. घरातून उठून."

वहिनी दारातच उभी होती. "आला खरा." तिनं चहा आणला, पदराला हात पुसले. "पाव्हणं, जोडी न्या, मोठा फोटू बी न्या. पण सौदा रीतीनं. माझे वडील बैलाचे व्यापारी होते."

तिनं पाव्हण्याच्या रुमालाखाली हात घातला. बाजारात करतेत तसं, बोटावर बोट, तोंडातून चकार शब्द न्हाई. पाव्हण्यानं एकदा माझ्याकडं पाह्यलं आन मान डोलावली.

"काय ठरलं?" दिगूनं इचारलं.

"टेबल तुम्हाला राह्यलं. महालक्ष्म्या जमिनीवर बसवू," वहिनी म्हणली. "आन जोडी दलालानं घरपोच द्यायची. दावणीला बांधून."

मंग निघाली वरात. बैल परातीत, परात माझ्या डोक्यावर. कासरा बैलांच्या गळ्यात आन त्याचं टोक पुढं चालणाऱ्या पाव्हण्याच्या हातात. भर बाजारातून! भुसारवाला गादीवरून ओरडला, "पाव्हणं, कितीला पडला हा?"

"जोडी घेतली," पाव्हणा मागं न पाहता म्हणला, "हा वरून फुकट आला!"

गाडीत बसलो. कंडक्टर नेमका ओळखीचा. मी हमेशासारखं कार्ड त्याच्या नाकापुढं धरलं.

"काका, तुम्ही फुकट, ते माहीत हाये," तो म्हणला. "ह्या जनावरांचं काय?"

"अरे माती हाये ती!"

"माती कशी?" पाव्हणा म्हणला. "रुमालाखाली सौदा करून घेतली. लई शांत हाये. कोणाला मारत न्हाई."

"मारत न्हाई ना? मंग पूर्ण न्हाई लावत," कंडक्टर म्हणला आन माझ्यापुढं हात पसरला. "दोन हाफ. जांबेपर्यंत."