गरीब तार

आमच्या गल्लीची लाइन सांभाळणाऱ्या वायरमनना सगळे वैद्यकाका म्हणत. त्यांचं आडनाव वैद्य नव्हतं. त्यांच्या पिशवीत हातभर लांबीचं एक सुकं लाकूड असे. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर डीपी, म्हणजे आमचा ट्रान्सफॉर्मर, बसवलेला होता. लाकडाचं एक टोक ते त्या खांबाला टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग सांगत, "चौदा शेगड्या चालू आहेत आणि पंधरावी आत्ता लागली."

मी गणिताची शिक्षिका. रीत दाखवल्याशिवाय उत्तराला मार्क देत नाही. एकदा मी मुद्दाम घरोघर फिरून विजेच्या शेगड्या मोजल्या. पंधराच निघाल्या. तरी मी हा योगायोग आहे असंच धरून चालले, कारण मी हट्टी आहे.

खांबांसाठी खड्डे खणायला ते खात्यात लागले, ते पस्तीस वर्षं तिथेच राहिले. डाव्या हाताची दोन बोटं एका फ्यूजने खाल्ली होती. काकू म्हणायच्या, "माझं एक अक्षर ऐकत नाही हा माणूस, पण खांबाने हाक मारली की जेवणावरून उठतो."

आमच्या गल्लीत मीटर कमी आणि आकडे जास्त. वायरीचं टोक वाकवायचं, काठीने उचलून खांबावरच्या उघड्या तारेत अडकवायचं, की झाली फुकटची वीज. थंडी पडली की हे आकडे वाढत जायचे. नियमाने बिल भरणारी मी, माझा नुसता जळफळाट व्हायचा. चोर ते चोर, वर शिरजोर! त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी तीस घरांची यादी करून खात्याकडे तक्रार पाठवली. तिच्यावर माझी सही राहिली होती, ती घ्यायला स्वतः वैद्यकाकाच आले. दारात उभे राहून त्यांनी यादी वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो ताई."

आता त्या तारेची गोष्ट. खांबावर वीज वाहणाऱ्या तीन तारा होत्या, एकीखाली एक. फार पूर्वी ओल्या पायांनी वरच्या तारेवर आकडा टाकताना एक माणूस गेला. तेव्हापासून गल्लीचं ठाम मत, की वरची तार मारकी आणि मधलीचा भरवसा नाही. खालची मात्र गरीब. गाय गरीब असते ना, तशी गरीब. त्यामुळे झाडून सगळे आकडे त्या एकट्या खालच्या तारेवर. आमच्या मीटरची वायरही नेमकी तिच्यावरच होती.

त्या वर्षीची सगळ्यात कडक थंडी पडली त्या दिवशी संध्याकाळी सहालाच काळोख झाला. माणसं कामावरून आली आणि शेगड्या पेटल्या. आमच्या मागच्या खोलीत आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. तिची फुप्फुसं थकली होती. दिवा पिवळा पडला, मग तांबूस झाला आणि मशीन टीं टीं ओरडायला लागलं. मी लहान सिलेंडर जोडला. तो चाळीस मिनिटं पुरणार होता. शेजारणीला आईजवळ बसवलं आणि तशीच डीपीपाशी धावले.

वैद्यकाका तिथेच होते. कानाला लाकूड, चेहरा पांढराफटक. फोनवर साहेब ओरडत होते ते मलाही ऐकू येत होतं. सगळे आकडे तोडा, नाहीतर पूर्ण गल्ली सकाळपर्यंत बंद ठेवा.

"तोडा ना मग!" मी म्हणाले. "माझी आई आहे आत!"

"तोडले तर तासाभरात परत पडतील ताई, तेही अंधारात, घाईने. आज एखादा मरेल." त्यांनी लाकूड खाली घेतलं. "आणि डीपी जळाली तर नवी यायला आठ दिवस. सिलेंडर किती वेळ पुरेल?"

"चाळीस मिनिटं."

"मला तीस द्या."

त्यांनी डीपी बंद केली. गल्ली काळीठिक्कर झाली. लोक शिव्या देत बाहेर आले. काका खांबाच्या कट्ट्यावर चढले आणि बोलले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले.

"तीन सख्ख्या बहिणी आहेत या. दोघी मोकळ्या बसल्यात आणि धाकटीच्या डोक्यावर सगळ्यांचा संसार. ती आता जळणार, आणि ताईंच्या आईचं ऑक्सिजनचं मशीनही तिच्यावरच आहे. मी तुमचे आकडे तिघींत वाटतोय."

"वरच्या तारेवर नको!" कोणीतरी ओरडलं.

"माझं घर वरच्याच तारेवर आहे. पस्तीस वर्षं जिवंत आहे, काकूंना विचारा." लोक हसले. "आता नीट ऐका. वीज आली की कोणीही शेगडीला हात लावायचा नाही. सगळ्यांनी एकदम बटण दाबलं तर सगळंच मुसळ केरात. मी पान्ह्याने खांबावर ठोका देईन. एक ठोका, एक घर, गल्लीच्या तोंडापासून ओळीने. आपला ठोका आला की आपली शेगडी."

मी मनात म्हटलं, झालं! ज्यांनी जन्मात कायदा पाळला नाही, ते याचे ठोके पाळणार!

कमरेला पट्टा बांधून साठीला आलेला तो माणूस खांबामागून खांब चढत गेला. मी खालून बॅटरी धरली होती. एकेक आकडा काढायचा, वायर कोणत्या घरात जाते ते न बघताच घराचं नाव घ्यायचं, की तो दुसऱ्या तारेवर. "शिंपी मधल्या तारेवर. जुळ्यांची आई वरच्या." त्या आठ बोटांना अंधारात तीस घरं पाठ होती. मी घड्याळ बघायचं विसरले. खरं सांगते, आयुष्यात मी कुणाकडे इतकं तोंड वासून पाहिलं नव्हतं.

शेवटच्या खांबावर, आमच्या घरासमोर, ते थांबले. हातात एक आकडा होता.

"ताई, तुमचा कोणत्या तारेवर ठेवू?"

"माझा? माझं मीटर आहे काका!"

"मशीन मीटरवर आहे. मागच्या खोलीतली शेगडी या आकड्यावर आहे."

मी बॅटरीचा झोत वायरीवरून नेला, तो आमच्याच मागच्या खोलीपाशी थांबला. दोन हिवाळ्यांपूर्वी धाकटा भाऊ आला होता, आईच्या खोलीसाठी वेगळी लाइन ओढून गेला होता. त्यानंतर शेगडी दिवसभर चालायची आणि बिल मात्र वाढलं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. उलट आईच्या काटकसरीचं कौतुक वाटलं होतं.

"मधल्या तारेवर," मी कशीबशी म्हणाले.

ते उतरले, डीपीकडे गेले आणि वीज आली. दिवे पांढरेशुभ्र लागले. मी आत धावले. मशीन नीट घुमायला लागलं होतं, सिलेंडरचा काटा तळाला टेकला होता. शेगडीच्या बटणावर बोट ठेवून मी बसले. माझ्यासारखीच सगळी गल्ली, कुडकुडत, बटणावर बोट ठेवून बसली असणार.

ठण्. एक घर. मग थोडा वेळ काहीच नाही. तेव्हा ते कानाला लाकूड लावून ऐकत असणार. मग पुन्हा ठण्.

कोणीही चोरून बटण दाबलं नाही. तीस घरांतल्या एकानेही नाही. मी ठोके मोजत होते आणि प्रत्येक ठोक्याला दिव्याकडे बघत होते. दिवा जरासुद्धा हलला नाही. ज्यांना मी यादीत चोर म्हणून लिहिलं होतं, ती माणसं माझ्या आईच्या श्वासासाठी थंडीत रांग लावून बसली होती.

तिसावा ठोका झाला. मग एकतिसावा, आमचा. माझं बोट हलेना.

"अगं दाब ना," आई नळीआडून म्हणाली. "गारठले मी. तुझ्या भावाने आकडा टाकला तेव्हा शिडी मीच धरली होती."

मी बटण दाबलं.

थोड्या वेळाने काका विचारपूस करायला आले. मशीनचा आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली. मी त्यांना दारात गाठलं.

"काका, तुम्हाला आमचं कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तक्रारीवर माझी सही घ्यायला आलात, तेव्हा..."

"तेव्हा तुमची शेगडी चालू होती ताई," ते म्हणाले. "ऐकतच उभा होतो मी."