तोंड उगवतीकडं

संध्याकाळी कामावरून परतताना सेनगाव रस्त्यालगतच्या शेतात ती म्हातारी मला रोज दिसायची. दिवस मावळला की सरकारी अनुदानातून मिळालेल्या सोलर पंपाच्या प्लेटा खांद्यानं रेटून ती उगवतीकडं वळवायची आणि पदरानं पुसायची.

एकदा मी गाडी थांबवून विचारलं, “मावशी, सकाळी वळवल्या तर चालत नाही का?”

“चालतंय की. पर सकाळी दिवस यील अन् ह्यांची पाठ त्याच्याकडं. बरं दिसतं व्हय?”

मला हसू आलं. मग तिनंच सांगितलं, पंपाचा अर्ज पुण्याला कामाला गेलेल्या पोरानं केला होता. जाताना म्हणाला होता, “रानात पाणी आलं की मी परत येतो, माय.”

पाणी आलं. त्यावर दोनदा हरभराही निघाला.

एवढं बोलून ती बांधावर बसली, पुण्याची गाडी येते त्या रस्त्याकडं तोंड करून.