शेजारच्या सीटचा ब्रेक

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. गेली बावीस वर्षं. शहरातल्या निम्म्या लोकांचे पाय यांनी क्लचवर आणून ठेवलेत, आणि झाडून सगळे यांना पाठीमागे ‘हळू मास्तर’ म्हणतात. पुढच्या खोलीत टेबल टाकून मी बसते. फोन घेते, कुणाचा तास किती वाजता ते वहीत लिहिते आणि परीक्षेत नापास झालेल्यांची रडगाणी ऐकते. मी स्वतः गाडी शिकले ती दुसऱ्याच क्लासात, यांना न सांगता. घरच्या मास्तरांकडे शिकले असते तर आठव्या दिवशी माहेरी निघून गेले असते.

आणि या माणसाला यांच्या आत्याने मागे काय ठेवावं? स्पोर्ट्‌स कार!

लाल, दोन सीटची, उघडी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी. आत्याबाई ती चालवायच्या म्हणजे कशा, तर लोक आवाज ऐकून आधीच फुटपाथवर चढायचे. मूलबाळ नव्हतं. जाताना चिठ्ठी लिहून गेल्या, ‘गाडी भाच्याला. पण चालवली तर.’

आतोबा, म्हणजे आत्याबाईंचे यजमान, एक्याऐंशी वर्षांचे आणि शब्दाचे पक्के. त्यांनी यांना बोलावून घेतलं.

“ती गाडी अशी दारात उभी राहिलेली मला बघवत नाही रे,” ते म्हणाले. “सहा महिने देतो. नीट कर आणि मला तिच्यातून एक चक्कर मारून आण. आणलीस तर तुझी. नाहीतर तो हॉटेलवाला मागे लागलाय, त्याला देऊन टाकतो.”

हॉटेलवाल्याला गाडी आपल्या हॉटेलच्या दारात मांडायची होती, इंजिन काढून आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावून. हे ऐकून आमचे हे घरी आले ते जेवलेच नाहीत. बावीस वर्षांत हा माणूस जेवला नाही असं मी दोनदाच पाहिलंय.

“सुट्टीत आत्या मला फिरवायची त्यातून,” हे म्हणाले. “त्या गाडीत कुंड्या? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.”

मग सुरू झालं. गॅरेजवाल्या उस्तादांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून पाहिलं आणि निकाल दिला, “मास्तर, इंजिन ठणठणीत आहे. बाकी सगळं बदला.” आत्याबाईंच्या आजारपणात दोन वर्षं उभी राहून टायर एका बाजूने चपटे झाले होते. टाकीत गंज. रबरी पाइप तर हात लावला की बिस्किटासारखे मोडायचे. त्या मापाचे मिळेनात म्हणून यांनी तीन भंगार बाजार पालथे घातले. एक दिवस कार्ब्युरेटर घरी आणला आणि माझ्या ओट्यावर, माझ्या चांगल्या परातीत, माझ्याच दात घासायच्या ब्रशने रॉकेलमध्ये धुतला! मी दोन दिवस यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलले, तेव्हा हे म्हणाले, अबोलाच बरा होता.

दुरुस्ती होत आली तशी यांच्या डोक्यात सुधारणा शिरल्या. सुधारणा हा यांचा जुना रोग आहे, आमच्या घराची बेल यांनी चार वेळा सुधारली आणि आता लोक दार वाजवतात. आधी मोठा हॉर्न बसवला. मग शेजारच्या सीटसमोर एक जादा आरसा. आणि मग म्हणाले, शेजारच्या सीटलाही ब्रेक हवा, शिकवायच्या गाडीत असतो तसा.

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. “मास्तर, स्पोर्ट्‌स कारला दुसरा ब्रेक? उद्या म्हणाल, घोड्याला ब्रेक लावा.”

“सुरक्षिततेसाठी,” हे म्हणाले.

“कुणाच्या?”

यांनी हट्ट काही सोडला नाही. उस्तादांनी तीन दिवस तोंडाने शिव्या आणि हाताने वेल्डिंग करत तो ब्रेक बसवला.

मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना गाडी घरी आली. आणली अर्थात उस्तादांनी. आळीतले सगळे जमले. हे ऐटीत स्टिअरिंगवर बसले, पट्टा लावला, एक आरसा नीट केला, दुसरा नीट केला. इंजिन असं काही गरजलं की समोरच्यांच्या खिडक्या उघडल्या.

“आता क्लच दाबा,” हे म्हणाले. “घाई करू नका. पहिला गिअर टाका. आरशात बघा.”

मी इकडेतिकडे पाहिलं, हे कुणाला शिकवतायत? कुणालाच नाही. स्वतःलाच सांगत होते, तेही अहोजाहो करून! गाडीने बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सूचना, पुन्हा उडी, पुन्हा बंद. सहाव्या वेळी ती आमच्याच फाटकाला जाऊन भिडली.

“क्लच जड आहे,” हे जमलेल्या लोकांना म्हणाले. लोकांनी माना डोलवल्या आणि वळून खुदुखुदु हसले.

मी यांना आत नेलं, दार लावलं आणि माझी वही उघडली. सकाळी सहाचा विद्यार्थी घरून यांना घेऊन निघतो. संध्याकाळी सातचा विद्यार्थी यांना घरी आणून सोडतो. मधले सगळे आपापसांत गाडीची अदलाबदल करतात. बाजारात हे पायी जातात. सुट्टीत बाहेरगावी जायचं तर ‘बसच बरी’.

“अहो,” मी विचारलं, “तुम्ही स्वतः गाडी शेवटची कधी चालवलीत?”

हे नखं बघायला लागले. “आपलं लग्न झालं ना, त्या वर्षी.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं मी या माणसाच्या नावाच्या पावत्या फाडतेय!

“शेजारी कुणीतरी लागतं गं,” हे हळूच म्हणाले. “आपण चुकलो तर थांबवणारं. विद्यार्थ्यांना मी असतो. मला कोण आहे? एकटा बसलो की हातपाय गळतात माझे.”

“म्हणजे तो दुसरा ब्रेक...”

“तुझ्यासाठी बसवला.”

आता अशा माणसाला काय म्हणायचं? मला हसू यावं की रडू ते कळेना. दोन्ही आलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाचा तास यांचा. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा. कारखान्यामागे मोकळं मैदान आहे, तिथे उस्ताद गाडी आणून द्यायचे आणि पाठ फिरवून विडी ओढत बसायचे, बघवत नाही म्हणून. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी, पायाखाली ब्रेक. आणि खरं सांगते, तो ब्रेक पायाखाली आला की माणूस बिघडतो. दगड दिसला, दाबला. कुत्रं दिसलं, दाबला. कुत्रं मैदानाच्या पार पलीकडे झोपलेलं असलं तरी दाबला. वर तोंडाचा पट्टा चालू, “आरशात बघा म्हटलं ना! कान आहेत की भोकं?” बावीस वर्षांचा सगळा हिशेब मी त्या मैदानात चुकता केला.

अकराव्या दिवशी यांनी इंजिन बंद केलं. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, “अगं, मी चुकायच्या आधीच तू दाबतेस.”

मला लागलं ते. लागलं म्हणूनच मी जास्त भडकले.

“असं होय? मग हे घ्या!” म्हटलं आणि दोन्ही पाय वर ओढून त्या एवढ्याशा सीटवर मांडी घालून बसले. एक गुडघा दाराला, एक गिअरला. “आता दाबते म्हटलं तरी दाबता यायचा नाही. चालवा.”

“पाय खाली ठेव गं.”

“नाही ठेवत.”

“अगं, उगाच काहीतरी होईल!”

“होऊ दे. दोघंही आहोत ना आत.”

यांनी आरसा नीट केला. मग क्लच दाबला, तोंडाने एक अक्षर न बोलता. गाडी निघाली. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली, गिअर तिसऱ्यावर गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मी मांडी मोडली नाही. उस्ताद विडी टाकून उठून उभे राहिले.

ठरल्या दिवशी आतोबा आले, टोपी घालून. बरोबर हॉटेलवाला, हातात मोजपट्टी. गाडी न्यायला टेम्पो किती लांबीचा लागेल ते बघायला आला होता मेला. दोनच सीट, त्यामुळे मी फाटकापाशी राहिले आणि त्याच्याबरोबर उभं राहणं नशिबी आलं. नदीकडून वळसा घालून यायचं, दहा मिनिटांचा रस्ता. दहा झाली. वीस झाली. हॉटेलवाला आमच्या फाटकाचंच माप घेऊ लागला. तिसाव्या मिनिटाला मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

चाळिसाव्या मिनिटाला गाडी आली. सायकलवाले तिला ओलांडून पुढे येत होते. हे घामाने निथळत होते. दाराशी थांबली, पण आतोबा उतरले नाहीत.

“सूनबाई,” ते म्हणाले, “इथे खाली ब्रेक आहे. ही अक्कल कुणाची?”

संपलं, मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणाले, “यांची.”

“चाळीस वर्षं मी पायाने हाच चाचपडत होतो इथे!” आतोबा म्हणाले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “तिच्या शेजारी बसलो की मी डोळे गच्च मिटायचो बघ. घरून निघाल्यावर मिटायचे, ते गाडी थांबली की उघडायचे. तिला कधी कळू दिलं नाही. नदीच्या रस्त्याला एवढी झाडं आहेत हे मला आज दिसलं.” मग हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाले, “साहेब, गाडी मिळायची नाही. तुम्ही आपले कुंडीतच लावा काय ते.”

हे उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडायला निघाले, तर आतोबांनी यांचा दंड धरला.

“अजून एक चक्कर,” ते म्हणाले. टोपी काढून मांडीखाली दाबली आणि डोळे गच्च मिटून घेतले. “आता तिच्यासारखी घे.”

हे माझ्याकडे बघायला लागले.

“माझ्याकडे काय बघताय?” मी ओरडले. “त्यांनी सांगितलंय ना? जोरात!”

गाडी अशी काही सुटली की फाटक हललं. माझ्या डोळ्यांना धार लागली, थांबेचना. हॉटेलवाल्याला बिचाऱ्याला वाटलं मी घाबरले, तो म्हणाला, “वहिनी, काळजी करू नका, मास्तर फार जपून चालवतात.”